आम्ही मरणं बंद केलं तो नवतपा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सर्वात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आधी काका कूलरच्या जुन्या ताट्या काढून फेकतात. उन्हाळाभर पाणी पिऊन त्या काळ्या, कडक झालेल्या असतात, हातात घेतल्या की मोडतात. मग नव्या ताट्या येतात, पिवळ्याधमक, आणि पंप पहिल्यांदा सुरू झाला की ओल्या गवताचा वास आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन्ही खोल्यांत भरून राहतो. काल तो वास आला. मी भाजी निवडत बसले होते. हात थांबला. मावशी म्हणाली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही." पण गळ्याशी काहीतरी हललं होतं. माझ्या बाबतीत आठवण आधी गळ्यात येते, मग डोक्यात जाते. धंदाच तसा आहे.

या दिवसांत रायपूर दुपारचं दार लावून घेतं. रस्त्यावर जे कोणी दिसतात ते सगळे दरोडेखोर वाटतात: तोंडाला गमछा, दुपट्टा, फक्त डोळे उघडे, आणि खिशात लू लागू नये म्हणून एक कांदा. स्कूटरच्या सीटवर बसायच्या आधी लोक तिच्यावर पाणी शिंपडतात. तेलीबांध्याच्या तलावाचं पाणी पाण्यासारखं दिसतच नाही, कोणीतरी पत्रा अंथरून ठेवल्यासारखं दिसतं. आणि या सगळ्यात गुलमोहर, त्याला कोणाचं काही देणंघेणं नसल्यासारखा, लालभडक फुललेला. लोक या उन्हाला शिव्या देतात. मी देत नाही. एका वर्षी हेच ऊन मी रोज रस्त्याच्या कडेला बसून काढलं, आणि इतकी माणसं माझ्या बाजूला येऊन बसली की आजही ऊन चढलं की मला आधी सोबत आठवते, चटका नंतर.

माझं गाव बुलढाण्याकडचं, मेहकरच्याही पुढचं. शाळा नववीत सुटली. का सुटली याची गोष्ट लांब आहे आणि फारशी वेगळीही नाही, म्हणून सांगत नाही. आमच्या गावात गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात ती गावोगाव फिरायची. बाबा पेटीवर, आणि मी मागे कोरसमध्ये, माझ्याहून मोठ्या बायांच्या मध्ये दाबून बसलेली. तिथे मी एक गोष्ट शिकले जी कुठल्याही शाळेत शिकवत नसावेत. कोरसमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी दम घ्यायचा नसतो. शेजारची श्वास घ्यायला लागली की आपण सूर धरून ठेवायचा, आपला दम संपत आला की ती धरते. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा लांब सूर! खरं तर तो कोणा एकीचा नसतोच.

रायपूरला आले ती मावशीकडे, कामासाठी. काका रेल्वेत. इथल्या विहारातल्या एका कार्यक्रमात मी गायले, तेव्हा पुढच्या रांगेत वनिताताई बसल्या होत्या. समता कॉलोनीत राहतात, वय साठीच्या पुढे, उभा जन्म रेडिओवरच्या नाटकांत गेलेला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "गाते त बरीच. ओरडता येते का तुले?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "येते न. रोज माह्यावरच ओरडते."

असं मला काम लागलं. तेलीबांध्याजवळ एका मोठ्या इमारतीत मोबाईलवरचे, कॉम्प्युटरवरचे खेळ बनतात. त्या खेळांतल्या माणसांना आवाज लागतो. बोलण्याचा तर लागतोच, पण त्याहून जास्त लागतो तो न बोलण्याचा: उडी मारली की 'हप्', मार बसला की 'अं', डोंगरावर चढताना धाप, आणि शेवटी मरण. या सगळ्याला आमच्याकडे एफर्ट म्हणतात. मी एफर्टवाली. रानातल्या लढाईचा एक खेळ होता, त्यात मी बाणाने मेले, तलवारीने मेले, कड्यावरून पडून मेले, मगरीने ओढून नेलं. मरणं नेहमी दिवसाच्या शेवटी घेतात, कारण त्यानंतर गळा कशाच्याच कामाचा राहत नाही. घरी आले की मावशी पाण्यात ज्येष्ठमध टाकून ठेवायची आणि विचारायची, "मेली का वं नीट?"

"मेली."

"मंग बस जेवाले."

बोलायची वाक्यं असली की मात्र मी अडायची. मी हळू वाचते. काचेपलीकडून चार माणसं बघत असली की अजून हळू वाचते. वनिताताईंना हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी त्याचा कधी उच्चार केला नाही. फक्त माझ्या आधी आत यायच्या, माइकचा स्टँड सारखा केल्यासारखं करायच्या आणि माझी वाक्यं मला एकदा कानात म्हणून दाखवायच्या. कानाने घेतलेलं मी विसरत नाही. अशा माणसाचं ऋण कशाने फिटतं, मला माहीत नाही. मी त्यांच्यासाठी घरून तिळाची चटणी नेते, एवढंच.

तर त्या वर्षी, अक्तीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, लग्नं उरकत आली होती तेव्हा, कंपनीने नवा करार आणला. आमचा एक छोटासा कलाकार संघ आहे. त्यात आम्ही आवाजवाले, आणि ठिपक्यांचा काळा, अंगाला चिकटलेला पोशाख घालून कॅमेऱ्यांसमोर पडणारे, धावणारे, लढणारे हालचालवाले. ताई संघाच्या सेक्रेटरी. त्यांच्या समता कॉलोनीतल्या घरी आम्ही सगळे जमलो. पन्हं होतं. ताईंनी करार मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

"म्हंजे काय, ताई?" मी विचारलं.

"म्हंजे असं, सुजाता, का तू एकदा ओरडली का मशीन ते शिकून घेईन. मंग तुले बोलवाचं कामच नाही. तू घरी भाजी निवडत बसशीन अन् तुहा आवाज तिकडं काम करून राहीन."

"कोणतं काम?"

"ते सांगतीन ते. आपल्याले कोण विचारते?"

टिकेश कोपऱ्यात बसला होता. तो हालचालवाल्यांतला सर्वात चांगला पडणारा, इथलाच, धमतरी रोडवरचा. तो म्हणाला, "मतलब मैं बुड्ढा हो जाऊँगा और मेरा गिरना जवान रहेगा?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना ऑटोमध्ये ते हसू उरलं नाही. माझ्या आईला फोनवर माझ्या एका 'हॅलो'वरून कळतं की मी जेवले की नाही. उद्या तो 'हॅलो' माझ्याशिवाय कुठेतरी फिरत असला तर? मावशीला सांगितलं तर ती वेगळ्याच काळजीत पडली. "मंग पगारबी त्या आवाजालेच देतीन का?"

आम्ही ठरवलं, सही करायची नाही आणि करार बदलेपर्यंत काम करायचं नाही. बोलायला एका ओळीचं. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा होता: सही केली तर आवाज जातो. नाही केली आणि कंपनीने दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलं, तर काम जातं. काम गेलं की मी रायपुरात कशासाठी राहायचं? गावी परत, आणि मग गावातल्या सगळ्यांना जे आधीपासूनच वाटत होतं तेच खरं. मी रोज सकाळी सगळ्यांसोबत कंपनीच्या गेटसमोर जाऊन बसायची, आणि रोज सकाळी मनातल्या मनात माझी बॅग भरून ठेवायची.

पण आता आठवायला बसले की ती भीती नाही आठवत, हसू आठवतं. पहिल्याच दिवशी अडचण आली ती घोषणांची. ताईंनी सक्त ताकीद दिली, "कोणी बोंबलाचं नाही. गळे बसले त काम सुरू झाल्यावर काय घेऊन जासान?" आता आवाजवाल्यांचा संप आणि आवाज काढायचा नाही! मग आम्ही घोषणा खालच्या पट्टीत द्यायला लागलो, नीट श्वास घेऊन, शब्द तोडून, जसं ताईंनी शिकवलं होतं तसं. तलावाकाठी फिरायला आलेली माणसं थांबली. त्यांना वाटलं, नाटक आहे. एका काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "अगला शो कब है?"

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गर्दी बघून एक हवालदार आला. भला माणूस होता, उन्हाने बेजार झालेला. रस्ता मोकळा करा म्हणून त्याने टिकेशच्या खांद्याला हात लावला. ढकललं म्हणता येणार नाही, माशी हाकलतात तसा हात लावला. आणि टिकेशचं अंग, ज्याला वर्षानुवर्षं हेच शिकवलेलं की हात लागला की जायचं, ते गेलं. खांदा मागे, पाय हवेत, एक कोलांटी, दुसरी कोलांटी, मग फुटपाथच्या कडेला मान एका बाजूला टाकून निपचित. जुन्या सवयीने माझ्याही तोंडून 'आऽह' निघून गेला, अगदी त्याच्या आपटण्याच्या ठेक्यावर.

रस्ता थबकला. हवालदार पांढराफटक पडला. "मैंने कुछ नहीं किया! सब देखे हो न, मैंने कुछ नहीं किया!" म्हणत त्याने आपल्याच बाटलीतलं पाणी टिकेशच्या तोंडावर ओतलं. टिकेशने एक डोळा उघडला. "सॉरी, सर," तो म्हणाला, "आदत है." त्यानंतर तो हवालदार रोज यायचा, लांबूनच टिकेशला हात जोडायचा आणि आमच्यासाठी सावलीची जागा धरून द्यायचा. ताईंनी संघात नवा नियम केला: संप चालू असेपर्यंत टिकेशने उभं राहायचं नाही.

दुपार मोठी असायची. टिकेशची आई बोरे बासी पाठवायची, रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, त्यावर कच्चा कांदा, हिरवी मिरची, आंब्याची फोड. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आमच्याकडे शिळा भात फोडणीला घालतात. टिकेश म्हणाला, "दीदी, पहले खाओ, फिर भाषण दो." खाल्लं. पोटात सावली पडल्यासारखं झालं. आता घरीही नवतप्यात बासी असते आणि मावशी कोणालाही सांगते की ही आमची जुनीच पद्धत आहे.

आणि एकेक माणसं यायला लागली. ही मला त्या दिवसांतली सर्वात मोठी नवलाई वाटते. लग्नात गाणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या युनियनची एक गायिका आली, ताईंच्या शेजारी तासभर बसली, आणि जाताना म्हणाली, "कल हमारा वाला आदमी आएगा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रमवाला येऊन बसला. मग नाचावाल्यांच्या, म्हणजे इथल्या लोकनाट्याच्या, मंडळातले दोघे. नागपूरहून डबिंगवाल्यांचा आवाजी निरोप आला की, तुमच्या कंपनीचं काम आमच्याकडे आलं होतं, आम्ही परत पाठवलं. ताईंनी फोन मधोमध ठेवून तो निरोप सगळ्यांना ऐकवला. परदेशातल्याही खेळांच्या कलाकारांनी याच गोष्टीसाठी काम थांबवलं होतं, आणि तिकडचे नाटक-सिनेमावाले त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते, असं ताईंनी आम्हाला सांगितलं. इतक्या लांब कोणीतरी माझ्यासारखंच मरून पोट भरतं आणि माझ्यासारखंच घाबरतं, हे ऐकून मला हसूही आलं आणि धीरही आला. मी मान खाली घालून फक्त ऐकायची. यातल्या कोणाला मी ओळखत नव्हते. माझ्या दमाची वेळ आली होती आणि दुसरं कोणी सूर धरून ठेवला होता.

तरी रात्री पडल्या पडल्या मी ती बॅग पुन्हा भरायची. कारण कंपनीही गप्प नव्हती. एका दुपारी गेटवरच्या गार्डने, जो बिचारा आमच्याशी चोरूनच बोलायचा, ताईंना सांगितलं, "मैडम, कल भनपुरी तरफ से बाजा पार्टी आ रही है. अंदर रिकॉर्डिंग है. गाना-बजाना, चिल्लाना, सब वही लोग करेंगे."

गुदुमबाजा इथल्या लग्नांचा जीव. गुदुम म्हणजे कमरेला बांधून वाजवायचा पोटफुगा ढोल, खालून टोपलीसारखा गोल. सोबत सनईसारखी मोहरी, डफासारखा दफडा, झांजा. आणि त्या पार्टीतले लोक नुसते वाजवत नाहीत, मध्ये मध्ये अशा काही आरोळ्या देतात की अंगावर काटा येतो. लग्नसराई संपत आलेली, त्यांनाही काम हवंच होतं. त्यांनी नाही का म्हणावं? आणि ते ओरडायला लागले तर माझी गरज कोणाला?

"ताई," मी विचारलं, "ते आले त?"

"आले त आले."

"मंग आपलं कसं?"

ताई पंख्याने वारा घेत होत्या. त्यांनी पंखा माझ्या बाजूला वळवला. "मले बी भेव लागून राहिलं, सुजाता. पण तू अशी पाहून राहिली माह्याकडं का मले भेता बी येत नाही."

त्या दिवशी आईचा फोन आला. मी 'हॅलो' म्हटलं. ती म्हणाली, "जेवली नाहीस तू."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक छोटा ट्रक आला. मागे वाजवणारे उभे, मध्ये वाद्यं. सगळ्यात आधी एक म्हातारा उतरला, बारीक, काळसर, पांढऱ्या मिशांचा, कमरेला गुदुम. दुकालू बबा, पार्टीचे मुखिया. आमच्यातलं कोणी उठलं नाही. मला वाटलं, झालं. संपलं.

बबा गेटपर्यंत गेले, आणि आत न जाता मागे वळून आमच्याकडे आले.

"तुमन काबर बइठे हव?" त्यांनी विचारलं. तुम्ही का बसलात इथे?

त्यांच्यातली रीत मला नंतर कळली. ज्या दारात वाजवायला जायचं, तिथे आपल्या आधीचं कोणी वाजवणं सोडून बसलं असेल, तर आधी त्याला विचारायचं, का सोडलं. ऐकल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही. ताईंनी सांगितलं, थोडक्यात आणि खणखणीत, रेडिओवर बातमी द्यावी तसं. बबांनी हनुवटी खाजवली. पार्टीतला एक तरुण मागून पुटपुटला, "बबा, चला न, घाम हे." ऊन आहे, चला. बबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"अउ ये नोनी? का काम करथे?" आणि ही पोरगी काय काम करते?

टिकेशने फुटपाथवर बसल्या बसल्याच उत्तर दिलं, "मरथे, बबा."

"मरथे?"

"हव. बढ़िया मरथे."

बबा माझ्यासमोर उकिडवे बसले. "मर के दिखा तो, नोनी."

मी ताईंकडे बघितलं. बोंबलायचं नाही हा नियम त्यांचाच होता. ताईंनी डोळे मिटून मान हलवली: कर.

कोरड्या गळ्याने, भर उन्हात, न माइक, न कान झाकायला हेडफोन. मी उभी राहिले. माझ्या मनात त्या क्षणी बाण नव्हता की मगर नव्हती. बॅग होती, भरलेली, आणि मेहकरच्या स्टँडवर उतरणारी मी होते. त्या बॅगेवर मी ओरडले. तो आवाज कुठून आला माहीत नाही. तलावावरचे बगळे उठले. समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. रसवंतीवाल्याने चरक थांबवला. मी श्वास टाकला, शेवटचा टाकतात तसा तुकड्या-तुकड्याने, आणि गप्प झाले.

मग बबा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बने मरे, नोनी." छान मेलीस, पोरी.

मग ते परत गेटपाशी गेले. गळ्यातला गमछा काढला, बाटलीतल्या पाण्याने ओला केला, घडी करून तापलेल्या डांबरावर अंथरला. त्यावर त्यांनी गुदुम ठेवला, पालथा. चामड्याचं तोंड खाली, गोल बूड आकाशाकडे. चामड्याला चटका लागू नये म्हणून गमछ्याची टोकं आत सारली. "हमन ए दुआरी म नइ बजावन," ते म्हणाले. या दारात आम्ही वाजवणार नाही. एवढंच म्हणून ते आमच्या सावलीत येऊन बसले. त्यांच्यामागे मोहरीवाला, दफडावाला, आणि तो ऊन आहे म्हणणारा तरुणही.

पालथा गुदुम म्हणजे काय, हे आतल्या मॅनेजर साहेबांना माहीत नव्हतं. ते बाहेर आले, "ये क्या ड्रामा है?"

"ड्रामा नइ ए साहब," गार्ड हळूच म्हणाला, "बाजा ए."

"तो हटाओ!"

गार्डने हात मागे घेतले. साहेबांनी आपल्या ड्रायव्हरला सांगितलं, गाडी बाजूने काढ. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला. कॅन्टीनचा चहावाला आत निघाला होता, तो किटली घेऊन आमच्याकडे वळला. ज्याने गुदुम पालथा घातला त्याच्याच हाताने तो सरळ होईपर्यंत त्या दारात कोणत्याही पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, पार्टी वाजवणार नाही, आणि जाणता माणूस त्याच्यावरून ओलांडून जाणार नाही. इथे जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. साहेब उन्हात एकटे उभे राहिले. मला त्यांची दयाच आली. टिकेशला माझ्याहून जास्त आली असावी, कारण त्याने त्यांना बासी विचारली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

ऋण हे काही एका बाजूने राहत नाही, हे बरं आहे. या वर्षी भनपुरीकडच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याने बबांच्या पार्टीचं वाजवणं एकदा भरून घेतलं आणि प्रत्येक लग्नात स्पीकरवर लावायला सुरुवात केली. आम्ही सगळे त्या हॉलसमोर जाऊन बसलो. ऑर्केस्ट्रावाले आधीच पोचले होते. ताई खुर्चीवर, कारण आता त्यांचे गुडघे दुखतात. मी चटणी नेली होती. बबांनी एक बोट चाटलं आणि ठसका लागला तरी म्हणाले, "बने हे." टिकेशला आम्ही मध्ये बसवलं, चारी बाजूंनी माणसं, म्हणजे चुकून कोणाचा हात लागायला नको. नवरीकडची माणसं वाजवणाऱ्यांना शोधत रस्त्यापर्यंत आली, आणि संध्याकाळपर्यंत त्या हॉलवाल्याने स्पीकर उतरवला. बबांच्या पार्टीने मग असं वाजवलं की नवरदेवाच्या घोड्याआधी ताईंचे गुडघे नाचले.

एवढ्या लांब, परक्या गावात, आपण कोणाचे तरी आहोत हे मला नातेवाइकांनी नाही सांगितलं, मावशी सोडून. ते मला अशा लोकांनी सांगितलं ज्यांची भाषा मला अर्धी कळते. मी अजून घाबरते. फोन वाजला तरी घाबरते. पण आता मला माहीत आहे की माझा दम संपला तर शांतता होणार नाही.

त्या वर्षीचं आमचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. नवतपा संपला, त्यानंतर काही दिवसांनी कंपनीने ताईंना बोलावलं, आणि ताईंनी सोबत सगळ्यांना नेलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की कोणाचाही आवाज, कोणाचंही पडणं-धावणं मशीनला द्यायचं असेल, तर त्या माणसाला विचारायचं. दर वेळी, नव्याने, समोरासमोर, आणि उत्तर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. एकदा 'हो' म्हटलं म्हणजे कायमचं 'हो' नाही. बबा आले, त्यांनी गुदुम सरळ केला, त्यावर दोन थापा मारल्या आणि ट्रकमध्ये बसून गेले.

पुन्हा काम सुरू झाल्यावरचा माझा पहिला दिवस. आत ए.सी.ची तीच थंडी, माइकवर तोच काळा फोम. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला भैया, त्याच्यामागे मॅनेजर साहेब, आणि बाजूला ताई. भैयाने घसा साफ केला. त्यालाही हे नवीन होतं. तो जरा लाजल्यासारखाच बोलला.

"दीदी, पूछना पड़ेगा. आज का जो आवाज़ है, मशीन में डालें? हाँ या ना?"

मला हो म्हणायची सवय आहे. जन्मभर मी हो म्हणत आले, कधी मान हलवून, कधी गप्प राहून, आणि बहुतेक वेळा तर न विचारताच. काचेपलीकडची तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. आता आपण काहीतरी चुकीचं बोलू असं मला वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

भैयाने कानावरचा हेडफोन दाबला. "दीदी, लेवल नहीं आया. एक बार फिर से बोलिए. पेट से."

ताईंनी तोंडावर पदर धरला. त्यांचे खांदे हलत होते. मी पाय थोडे फाकवले, खांदे सैल सोडले, पोटात भरेल तेवढा श्वास घेतला.

"नाही!"

समोरच्या पडद्यावरची हिरवी रेघ पार वरपर्यंत उडाली आणि तिथेच थरथरत राहिली. मॅनेजर साहेबांनी डोळे मिटले. भैयाने दोन्ही अंगठे वर केले.

"परफेक्ट, दीदी," तो म्हणाला. "यही वाला रखते हैं."